संक्रांतीचे वाण आणि अर्थशुद्धी

संक्रांतीला घरोघर सुगडे पुजली जातात. त्यांत हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या आणि उसाची कांडी घालतात. आमच्या पंढरीत तर या दिवशी रुक्मिणीमातेला ववसण्यासाठी सुवासिनींची रीघ लागते. हातात सुगड, ओटीत तिळगूळ आणि मुखी गोड बोलण्याचा आग्रह असे त्या दिवसाचे रूप असते. कोठे गुळाच्या पोळ्या, कोठे मंद आचेवर तासन् तास परतून काट्याला आणलेला हलवा. साखर आणि गूळ यांना या सणात जो मान आहे तो अन्य सणांत क्वचितच असेल. म्हणून आजच्या या पुण्यपर्वावर साखरेविषयीच चार शब्द लिहावेत, आणि तेही एका परदेशातील व परधर्मातील साधुपुरुषाच्या निमित्ताने लिहावेत, असे योजिले आहे. वाचकांनी आरंभीच बिचकू नये. माळ माझ्या गळ्यात आहे आणि ती तेथेच राहणार आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘शर्करा’ हा आपला संस्कृत शब्द. मूळ अर्थ खडे, रेती, वाळूचे कण. उसाचा रस आटवून त्याचे असे रवाळ कण करण्याची विद्या या भूमीची, म्हणून नावही या भूमीचे. तो शब्द पर्शियन भाषेत शकर झाला, अरबीत सुक्कर झाला आणि तेथून युरोपातील भाषांत शिरून इंग्रजांच्या तोंडी शुगर होऊन बसला. आपला ‘खंड’ शब्दही त्याच वाटेने जाऊन त्यांच्याकडे कँडी झाला. आपला शब्द जगाच्या जिभेवर गेला याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु शब्दामागून ऊसही गेला, आणि ऊस जेथे गेला तेथे माणसाच्या रक्ताचा वास गेला, हा इतिहास अभिमानाच्या भरात सांगावयाचा राहून जातो. अटलांटिक महासागरातील वेस्ट इंडीज बेटांवर युरोपीय मळेवाल्यांनी उसाची लागवड केली. त्यासाठी आफ्रिकेतून माणसे साखळदंडांत बांधून नेली, गुरांप्रमाणे विकली आणि त्यांच्या घामाची साखर लंडनच्या चहात विरघळू लागली. हे करणारे लोक रविवारी न चुकता देवळात जाणारे ख्रिस्ती होते, ही गोष्ट येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. मला ज्याची कथा सांगावयाची आहे तो पुरुषही ख्रिस्तीच होता आणि त्याचे सारे भांडण आपल्याच घरातल्या माणसांशी होते. आपल्याकडच्या संतांचे भांडण तरी कोणाशी होते?

त्याचे नाव जॉन वूलमन. जन्म १७२० सालचा, अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातला. तेव्हा अमेरिका इंग्रजांची वसाहत होती. घराणे क्वेकर पंथाचे. या पंथाची मंडळी स्वतःला ‘मित्र’ म्हणवितात. त्यांच्या उपासनेत पुरोहित नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सारे जण निःशब्द बसतात आणि ज्याला अंतरातून प्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोलतो. मौनाचे महत्त्व आपल्याला शिकविण्याची आवश्यकता नाही, परंतु समाजाने एकत्र बसून मौन धरावे आणि त्या मौनातून समाजाचे निर्णय व्हावेत, ही त्यांची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा संबंध येणार आहे.

वूलमनच्या बाळपणाची एक हकीगत त्याने स्वतःच आपल्या रोजनिशीत नोंदविली आहे. खेळता खेळता त्याने घरट्याजवळच्या एका पक्षिणीला दगड मारला आणि ती मेली. पिले आईवाचून तडफडून मरतील हे ध्यानी येताच त्याला कापरे भरले, आणि शेवटी झाडावर चढून त्याने ती पिलेही मारून टाकली. ही कथा वाचताना कोणाही भारतीयाला तमसातीरावरील क्रौंचमिथुन आठवेल. भेद एवढाच की वाल्मीकींनी दुसऱ्या कोणा व्याधाचे कृत्य पाहिले, येथे व्याध आणि शोक करणारा एकच होता.

तरुणपणी तो माउंट हॉली गावी एका दुकानदाराकडे कारकुनी करू लागला. वय बावीस-तेवीस. एके दिवशी मालकाने सांगितले, आपल्याकडची गुलाम स्त्री विकली आहे, तिचे खरेदीखत लिही. विकत घेणारा वयोवृद्ध मनुष्य त्याच पंथाचा. गिऱ्हाईक समोर उभे, मालकाचा हुकूम. वूलमनने खत लिहिले. परंतु लिहिताना त्याच्या अंतःकरणाला अशी काही पीडा झाली की मालक आणि गिऱ्हाईक दोघांच्या समक्ष त्याने सांगून टाकले, गुलाम बाळगणे ख्रिस्ताच्या धर्माशी सुसंगत आहे असे मला वाटत नाही. पुढे दुसऱ्या कोणी तसेच खत लिहावयास सांगितले तेव्हा त्याने सरळ नकार दिला.

खरेदीखत लिहिणे हे काही पाप म्हणून कोणी मोजत नाही. कारकुनाचे काम ते. विकणारा वेगळा, घेणारा वेगळा, कायदा सरकारचा, हा आपला लेखणीचा धनी. आपल्या साऱ्या व्यवहारात आपण याच ढालीआड उभे राहतो. वूलमनचे मोठेपण एवढेच की ही ढाल त्याने खाली ठेवली. पुढे एक शेजारी जखमी होऊन पडला व त्याने वूलमनला आपले मृत्युपत्र लिहावयास सांगितले. मृत्युपत्रात एक गुलामही कोणाच्या तरी नावे करावयाचा होता. वूलमनने बाकीचा मजकूर लिहिला, तेवढा भाग सोडला, मेहनताना घेतला नाही आणि का सोडला ते शांतपणे सांगितले. बोलणे झाले, आणि त्या मनुष्याने गुलामाला मुक्त करण्याचे मान्य केले. आरडाओरड नाही, शाप नाही.

आता थोडे थांबून त्याच्या धर्मग्रंथातील एका शब्दाकडे वळू, कारण या कथेचे मूळ त्या शब्दात आहे. मराठी बायबलात ‘नीतिमत्त्व’ असा एक शब्द वारंवार येतो. आपल्या कानाला तो थोडा शाळकरी वाटतो, नीतिपाठाच्या पुस्तकातला वाटतो. त्यामागचा हिब्रू शब्द आहे त्सेदाका. त्या शब्दाच्या पोटात न्याय आहे, सरळपणा आहे आणि गरिबाला द्यावयाचे देणेही आहे. पुढच्या काळातील यहुदी लोक तर दानालाच त्सेदाका म्हणू लागले. आपण दान म्हणतो तेव्हा देणाऱ्याचे औदार्य डोळ्यांपुढे उभे राहते. ते त्सेदाका म्हणतात तेव्हा घेणाऱ्याचा हक्क उभा राहतो. दिले तर उपकार नव्हे, न दिले तर अन्याय. येशू ख्रिस्ताने डोंगरावर जो उपदेश केला त्यात या नीतिमत्त्वासाठी भुकेने तहानेने व्याकूळ होणाऱ्यांना त्याने धन्य म्हटले आहे, आणि त्याच उपदेशात हे आचरण लोकांनी पाहावे म्हणून करू नका असेही बजावले आहे. तेथेच आणखी एक गोष्ट तो सांगतो. तुम्ही देवापुढे अर्पण घेऊन गेलात आणि तेथे आठवले की कोणा बंधूचे आपल्याविरुद्ध काही गाऱ्हाणे आहे, तर ते अर्पण तेथेच ठेवा, आधी जाऊन त्याचे समाधान करा आणि मग येऊन अर्पण करा. नैवेद्याचे ताट हाती घेतलेल्या प्रत्येक हिंदू गृहिणीला यातील कळ समजेल.

ख्रिस्ताच्याही कित्येक शतके आधी आमोस नावाचा एक मेंढपाळ त्या देशात होऊन गेला. त्याने तर देवाच्या वतीने सांगितले की तुमचे सण आणि तुमची गाणी मला नकोत, दुबळ्यांना न्याय मिळत नाही तोवर मला त्यांचा वीट आहे. कीर्तनकाराने हे वाचावे आणि टाळ खाली ठेवून क्षणभर गप्प बसावे, असे ते शब्द आहेत.

आपल्या शास्त्रांत हे नाही काय? आहे, आणि ठसठशीत आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीचा विचार आला आहे. पाण्याने शुद्धी, मातीने शुद्धी अशा अनेक शुद्धी सांगून तेथे अर्थशुद्धीला सर्वांत वरचे स्थान दिले आहे. धनाच्या बाबतीत जो शुद्ध तोच शुद्ध, माती-पाण्याने धुतलेला नव्हे, असा स्पष्ट निर्वाळा तेथे आहे. छांदोग्य उपनिषदाने आहारशुद्धीतून सत्त्वशुद्धी होते असे सांगितले. त्यावर रामानुजाचार्यांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष सांगतात: जातिदोष, आश्रयदोष आणि निमित्तदोष. जातिदोष म्हणजे तो पदार्थच मुळात अभक्ष्य. निमित्तदोष म्हणजे त्यात केस, किडा पडलेला. आणि आश्रयदोष म्हणजे ते अन्न ज्या माणसाकडून आले त्याचा दोष. या आश्रयदोषाचे आपण काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, कोणाची सावली पडली, कोणाचा घडा शिवला, एवढ्यातच तो विचार आपण बुडवून टाकला. ते अन्न कोणाच्या पोटावर पाय देऊन आले, कोणाची मजुरी बुडवून आले, हा आश्रयदोष मात्र कोणी विचारीना. माझ्या मते आपल्या धर्मविचाराची ही फार मोठी हानी झाली, आणि ती परकीयांनी केलेली नाही.

वूलमनने नेमका हाच आश्रयदोष आयुष्यभर पाहिला. १७४६ साली आणि पुन्हा १७५७ साली तो दक्षिणेकडील प्रांतांत फिरला. तेथे त्याच्याच पंथाचे श्रीमंत शेतकरी त्याचा पाहुणचार करीत. पाहुणचार करणारे हात मात्र गुलामांचे. पाणी तेच आणीत, अन्न तेच रांधीत, बिछाना तेच घालीत. आता फुकटचा पाहुणचार घ्यावा तर गुलामांचे फुकट श्रम आपल्याही अंगी लागतात, आणि न घ्यावा तर यजमानाचा अपमान होतो. दुसऱ्या प्रवासात त्याने यावर एक मार्ग काढला. निघताना तो चांदीची नाणी काढून यजमानाच्या हाती देई आणि ही तुमच्या गुलामांना द्या असे सांगे, कधी स्वतःच त्यांच्या हाती देई. यजमानाला संकोच वाटे, ह्यालाही वाटे. परंतु ते बक्षीस नव्हते, ती मजुरी होती. आपण यात्रेत बडव्याला, पुजाऱ्याला, भिकाऱ्याला नाणे देतो, त्यात आणि या नाण्यात जे अंतर आहे तेच मघाशी सांगितलेले दान आणि त्सेदाका यांतील अंतर होय.

धंद्याचेही तसेच. त्याने स्वतःचे दुकान काढले होते आणि ते चांगले चालू लागले. १७५६ च्या सुमारास दुकान इतके वाढले की त्याला त्याचे ओझे होऊ लागले. तेव्हा गिऱ्हाइकांना दुसऱ्या दुकानांकडे जावयास सांगून त्याने ते बंद केले आणि शिंपीकाम व सफरचंदाची रोपे-बाग एवढ्यावर निर्वाह ठेवला. आपल्या तुकोबांनी वडिलोपार्जित येणी असलेली खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. त्यातही एक बारकावा आहे. भावाच्या वाट्याची अर्धी खते भावाला देऊन आपल्या वाट्याचीच त्यांनी बुडविली. नियम स्वतःपुरता, दुसऱ्याच्या ताटातले न ओढता. वूलमनही असाच होता. रंगविलेले कापड त्याने सोडले, कारण रंगाने मळ झाकला जातो आणि त्या कामात व्यर्थ श्रम जातात असे त्याचे मत. त्याने न रंगविलेले कपडे घातले, नैसर्गिक रंगाच्या केसाळ कातड्याची टोपी घातली. गंमत अशी की त्याच सुमारास तशा फिकट टोप्या शौकिनांत प्रचारात आल्या होत्या, त्यामुळे हा शौकीन झाला की काय अशी काहींना शंका आली! वैराग्याचा वेष केव्हा फॅशन होईल याचा नेम नसतो, हे आपल्या भगव्या कफन्यांवरूनही कळतेच. आणि शेवटी त्याने साखर सोडली. दुकानदार असताना वेस्ट इंडीजची साखर आणि काकवी त्याने विकली होती. ती कशी होते हे पूर्ण कळल्यावर ती त्याच्या जिभेवर गोड लागेना.

येथे मला माझे मत सांगितले पाहिजे. वूलमनचे सर्वच नियम मला ग्राह्य वाटत नाहीत. रंगीत वस्त्राविषयीचा त्याचा आग्रह मला अतिरेकाचा वाटतो. पैठणीचा रंग हा विणकराच्या कलेचा आनंद आहे, त्यात पाप कसले? नियमावर नियम चढत गेले की मनुष्य स्वतःच्या सोवळ्यातच गुंतून पडतो, हे आपण हिंदूंनी इतरांपेक्षा अधिक भोगले आहे. परंतु त्याचे सोवळे एका बाबतीत आपल्यापेक्षा निराळे होते. आपले सोवळे दुसऱ्याला दूर ठेवते. त्याचे सोवळे त्याला त्या दूरच्या माणसाजवळ नेत असे.

आणि तो घरात बसून साखर न खाण्यावर संतुष्ट राहिला नाही. १७५४ साली गुलामगिरीविरुद्धचा त्याचा निबंध छापला गेला. १७५५ साली युद्धासाठी कर बसला तेव्हा तो देण्यास त्याने नकार दिला, आणि त्याच्या सहकाऱ्यांसह तसे पत्रकही काढले. त्याच वेळी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात बसलेल्या काही क्वेकर प्रतिनिधींपुढे युद्धाला संमती द्यावी की आसन सोडावे असा पेच आला, आणि १७५६ साली त्यांतील काहींनी आसने सोडली. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत गुलामांचा प्रश्न निघाला. अनेकांचे म्हणणे, आणखी थोडे थांबावे. वूलमन बराच काळ मौन धरून बसला होता. मग तो उठला आणि आपल्या स्वार्थासाठी किंवा स्नेह्यांच्या भिडेखातर आपण हे कर्तव्य लांबणीवर टाकू तर देव भयंकर रीतीने त्याचे उत्तर देईल, अशा आशयाचे बोलला. सभेचा कल फिरला. गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरी जाऊन बोलण्यासाठी मंडळी नेमली गेली, त्यांत तो होता. घरोघर जाणे हे काम व्याख्यानापेक्षा कितीतरी अवघड. आणि १७७६ साली, म्हणजे त्याच्या निधनानंतर चार वर्षांनी, त्या सभेने गुलाम बाळगणाऱ्याला पंथातच ठेवावयाचे नाही असा निर्णय केला. कायद्याने सक्ती होण्याच्या कितीतरी आधी एका धर्मसमाजाने आपले घर आपण झाडले.

१७७२ साली तो इंग्लंडला गेला. जहाजावरील उत्तम खोलीच्या भाड्यात तिच्या नक्षीकामाचाही खर्च असतो हे पाहून तो खलाशांबरोबर खालच्या अंधाऱ्या भागात राहिला. इंग्लंडात टपालगाड्यांचे घोडे आणि गाडीवान पोरे यांना वेगापायी जिवानिशी राबविले जाते हे कळल्यावर तो लंडनहून यॉर्कपर्यंत पायीच गेला. पायी वारी करणाऱ्याला त्यातील सुखदुःख कळेल. यॉर्क येथे देवी येऊन त्याच साली ऑक्टोबरच्या ७ तारखेला त्याचा अंत झाला.

त्याने सोडलेली साखर मात्र तेथे संपली नाही. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचे विधेयक ब्रिटिश संसदेने फेटाळले, आणि ज्यांना संसदेत मत नव्हते अशा लोकांनी चहाच्या टेबलावर मत दिले. विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक पत्रिका काढली. तिच्यात त्याने हिशेब मांडला होता की आठवड्याला पाच पौंड साखर खाणारे एक कुटुंब एकवीस महिने साखर खाणार नाही तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल. थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी त्या चळवळीत साखर सोडली. हा निर्णय मुख्यतः गृहिणींचा. त्यांना मतदानाचा हक्क नव्हता, मालमत्तेचाही धड नव्हता, परंतु घरात काय शिजेल हे त्यांच्या हाती होते. १८२४ साली लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक या बाईंनी ‘हळूहळू नव्हे, तत्काळ’ अशी मागणी करणारी पत्रिका लिहिली, आणि त्या गावात किराणा दुकानदारांकडेही जाऊन अशी साखर ठेवू नका असे सांगितले गेले. याच काळात तेथे साखरेच्या भांड्यांवर ही साखर हिंदुस्थानची आहे, गुलामांनी केलेली नाही, अशी अक्षरे छापलेली असत. आपल्या शर्करेचे पुण्य असे विकले जात होते. कंपनी सरकारच्या राज्यात ते पुण्य कितपत शुद्ध होते हा प्रश्न निराळा.

गुलामांचा व्यापार १८०७ साली आणि गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्याच्या बऱ्याच भागांत बंद झाली. दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली गेली ती मालकांना, गुलामांना नव्हे! आणि मळ्यांवर माणसे हवीच होती, म्हणून १८३४ पासून आपले लोक करारावर मॉरिशसला नेले जाऊ लागले. सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत आमच्या कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी करतात. फिजी बेटांवर १८७९ पासून असेच साठ हजारांहून अधिक लोक गेले. हे करारी मजूर उसाच्या मळ्यांत कसे जगतात ते पाहावयास १९१५ साली चार्ल्स अँड्र्यूज आणि पिअर्सन हे दोन इंग्रज गेले. अँड्र्यूज ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आपल्याच जातभाईंच्या साखर कंपनीविरुद्ध त्यांनी जो अहवाल लिहिला त्याचा परिणाम होऊन १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करार रद्द झाले. या देशाने त्यांना दीनबंधू म्हटले ते उगीच नव्हे. ख्रिस्ती नीतिमत्त्वाची ओळख करून घ्यावयाची तर अशा माणसांच्या चरित्रातून घ्यावी. आणि ती घेतल्याने आपला धर्म कमी होतो असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या धर्माची खोली एकदा मोजून पाहावी.

आता सुगडातल्या उसाच्या कांड्याकडे येऊ. संक्रांत येते तेव्हा आमच्या भागातील कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या उसाच्या फडांत असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. दोन माणसे आणि एक लोखंडी हत्यार, यांचे नाव एकच. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडावयाची. एक दिवस अंगावर काढला तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. गरोदरपण, बाळंतपण, मासिक धर्म, सारे या हिशेबात बसवावे लागते. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. ज्या दिवशी आपण सुवासिनींची ओटी भरतो त्या दिवशी हा आकडा वाचवत नाही, परंतु वाचलाच पाहिजे.

कोणी म्हणेल, मग काय तिळगूळ सोडावयाचा? माझे उत्तर आहे, नाही. वूलमनचा नियम जसाच्या तसा येथे उचलणे हा अविचार होईल. आपण साखर सोडली तर पहिला फटका त्या कोयत्यालाच बसेल, त्याच्या पोटाला दुसरा आधार नाही. गुलामाला मजुरी नव्हती, याला आहे, ती पुरेशी आणि निर्वेध हवी. शिवाय वेस्ट इंडीजचा मळेवाला समुद्रापलीकडे होता. आपला मळेवाला कोण? १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला तेव्हापासून महाराष्ट्रातील कितीतरी कारखाने ऊस पिकविणाऱ्या सभासदांच्या मालकीचे आहेत. तो सभासद आषाढीला पंढरीस येतो, त्याच्या गळ्यात माळ असते, त्याच्या घरी एकादशी असते, त्याच्या गावच्या सप्ताहात माझ्यासारख्यांचे कीर्तन असते. कीर्तनाचा मांडव गावात असतो आणि कोप्या पाटापलीकडे. मांडवातील आवाज ध्वनिक्षेपकावरून तेथे ऐकू जातो एवढाच दोहोंचा संबंध.

दुसरा आक्षेप असा की हे सरकारचे काम. सरकारने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ काढले आहे, मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा यांचे प्रयोग झाले आहेत. ते नीट चालतात की नाही हे पाहणे हाही नागरिकाचा धर्म आहे. परंतु फिलाडेल्फियाच्या त्या सभेने सरकारची वाट पाहिली नव्हती. कारखान्याची निवडणूक येते तेव्हा आपण कोणाला मत देतो? गटाला, भावकीला, भावाच्या आकड्याला. आमच्या टनाला किती देणार हे उमेदवाराला सगळे विचारतात. तोडणाऱ्यांच्या कोपीत दिवा आणि पाणी आहे काय, बाळंतिणीचा खाडा माफ होतो काय, हे विचारणारा मतदार माझ्या तरी पाहण्यात नाही. संक्रांतीला काही ठिकाणी कोप्यांवर ब्लँकेटे आणि तिळगूळ वाटतात, छायाचित्रेही काढतात. थंडीत ब्लँकेट कोणाला नको असते? द्यावेच. फक्त त्याने खाड्याचे पैसे फिटत नाहीत, आणि डोंगरावरील त्या उपदेशात अशा छायाचित्रांविषयी काय म्हटले आहे ते वर आलेच आहे.

दरवर्षी कारखान्याची सर्वसाधारण सभा भरते. सभासदांना अहवालाचे पुस्तक मिळते. बहुधा ते घरी येऊन रद्दीत पडते. त्यात तोडणी व वाहतूक खर्च दाखविणारी एक ओळ असते. ऊस तोडणाऱ्या त्या साऱ्या माणसांचा उल्लेख पुस्तकभर तेवढाच. पुष्कळ घरांत सातबारा सासूबाईंच्या किंवा सूनबाईंच्या नावावर आहे, म्हणजे सभासदही त्याच आहेत. इंग्लंडातील त्या गृहिणींना जे मत नव्हते ते यांना आहे. या वर्षी ते पुस्तक आले की त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये, ती ओळ शोधून काढावी, सभेला स्वतः जावे आणि त्या ओळीत किती स्त्रिया आहेत हे अध्यक्षांना उभे राहून विचारावे.